धीर देणाऱ्यांनाही सोबत हवी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात काम अहोरात्र चालते. एका पाळीचे कामगार निघतात, दुसऱ्या पाळीचे येतात. आणि निघणारा येणाऱ्याला भट्टीची हकीकत सांगून मगच घराची वाट धरतो. कोठे उष्णता वाढली, कोणत्या यंत्राचा आवाज बदलला, कशावर नजर ठेवावयास हवी, हे सारे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एकट्या माणसाच्या नजरेतून जे निसटते ते दुसऱ्याच्या नजरेस पडते.

ज्या कामात माणसाच्या मनाशी संबंध येतो, तेथे मात्र ही सोय सहसा नसते. समुपदेशक आणि त्याच्याकडे आलेला तरुण हे दोघेच एका खोलीत बसतात. तेथे झालेले बोलणे गुप्त राखावयाचे असते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे समुपदेशकाचे कामही झाकलेले राहते. त्याचे चुकले तर ते त्याला कोणी सांगत नाही. पेच पडला तर विचारावे कोणाला, हे त्याला कळत नाही. मोठ्या शहरातील रुग्णालयात शेजारच्या खोलीत अनुभवी तज्ज्ञ बसलेले असतात. शाळेत, वस्तीत किंवा आरोग्यकेंद्रात काम करणाऱ्याला तो आधार मिळत नाही. या एकटेपणाचा उपचारावर काय परिणाम होतो आणि तो कसा दूर करता येतो, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

हुडकोतील एक घर

भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारानुसार भिलाईचा कारखाना उभारला गेला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कामाच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती; नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडशी मराठी माणसांचा संबंध आहेच. कारखान्याच्या आसपास वसाहती वाढत गेल्या. त्यांपैकी एकीला लोक ‘हुडको’ या नावाने ओळखतात. घरबांधणीसाठी १९७० साली केंद्र सरकारने जे महामंडळ स्थापन केले, त्याच्या इंग्रजी नावाचे हे संक्षिप्त रूप होय.

भिलाईत शिक्षणाला मोठा मान आहे. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग येथे बरेच आहेत, आणि २०१६ पासून भिलाईच्या नावाने भारतीय तंत्रज्ञान संस्थाही सुरू झाली आहे. ज्या गावी परीक्षेला एवढे महत्त्व, त्या गावी परीक्षेची धास्तीही घराघरांत असणारच.

हुडकोतील एका मराठी घराची कल्पना करू. घरात सतरा वर्षांची मुलगी आहे. ती बारावीत शिकते आणि संध्याकाळी शिकवणीवर्गाला जाते. एके दिवशी चाचणी चालू असताना तिची छाती धडधडू लागते, तळहात गार पडतात, कागदावरची अक्षरे हलल्यासारखी वाटतात. ती उठून बाहेर येते आणि थोड्या वेळाने तिला बरे वाटते. पुढच्या आठवड्यात चाचणीच्या सकाळी तिच्या पोटात दुखते. आई म्हणते, “राहू दे आज, पुढच्या वेळी दे.” पोटदुखी थांबते. तिसऱ्या खेपेला दुखणे आदल्या रात्रीच सुरू होते. दोन महिन्यांत वर्ग सुटतो, मैत्रिणींकडे जाणे सुटते. आणि ‘आजारी आहे’ एवढेच उत्तर शेजाऱ्यांना मिळू लागते. हे उदाहरण कल्पित असले, तरी अशा प्रकारची हकीकत पुष्कळ शिक्षकांच्या व पालकांच्या ओळखीची असेल.

चिंता आणि तिचे चक्र

चिंता ही मुळात शत्रू नव्हे. धोक्याची चाहूल लागताच मेंदू शरीराला सज्ज करतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन हे द्रव्य रक्तात येते. हृदय जलद चालते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात. पळावयास किंवा लढावयास हीच तयारी लागते. परीक्षेपूर्वीची थोडीशी धाकधूक अभ्यासाला लावते, हाही सर्वांचा अनुभव आहे. परंतु धोका नसताना किंवा क्षुल्लक असताना ही यंत्रणा वारंवार जागी होऊ लागली, आठवडेच्या आठवडे ती शमेना, आणि तिच्यामुळे शिक्षण, झोप व माणसांत मिसळणे बंद पडू लागले, म्हणजे तिला चिंताविकार म्हणावे लागते.

या विकाराला बळ मिळते ते टाळण्यामुळे. मुलगी चाचणी टाळते, तत्क्षणी तिला सुटल्यासारखे वाटते. हे सुटणे मेंदूच्या दृष्टीने बक्षीसच असते. ‘टाळले म्हणून वाचलो’ असा धडा तो घेतो आणि पुढच्या वेळी अधिक लवकर व अधिक जोराने घंटा वाजवितो. चाचणीत बसून राहिले असते तर काय झाले असते, हे मात्र त्याला कधीच कळत नाही. प्रेमाने ‘राहू दे’ म्हणणारी आई नकळत या चक्राला हातभार लावते.

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निम्हान्स’ने, २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यांत छत्तीसगडचाही समावेश होता. १३ ते १७ या वयात मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के असल्याचे तिच्या अहवालात नमूद आहे. प्रौढांमध्ये नैराश्य, चिंता यांसारखे नित्याचे विकार असणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत, असेही तिच्यात आढळले. मनोविकारतज्ज्ञांची संख्या पाहता केवळ त्यांच्या बळावर ही तूट भरून निघणे शक्य नाही. यास्तव प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडे, परिचारिकांकडे व आरोग्यसेवकांकडे यांतील काही काम सोपविण्याची रीत जगभर रूढ होत आहे.

उपचाराचे तत्त्व

टाळल्याने चिंता वाढते, तर तिचा सामना केल्याने ती उतरावी, हे तर्काने सुचते. आणि अनुभवही तसाच आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचे खाणे खात असताना ससा दूर ठेवावयाचा आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणावयाचा, असा क्रम त्यांनी ठेवला. शेवटी मूल सशाला हात लावू लागले. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात अशा क्रमवार सामन्याची पद्धतशीर मांडणी केली. पुढील संशोधनाने तिच्यात एक महत्त्वाची भर घातली. जुनी भीती मनातून पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘येथे आपण निभावतो’ असे नवे ज्ञान तयार होते, आणि ते पुरेसे दृढ झाले म्हणजे भीतीवर मात करते.

आपल्या उदाहरणातील मुलीसाठी समुपदेशिका तिच्याच मदतीने एक शिडी तयार करील. पहिली पायरी घरी घड्याळ लावून पाच प्रश्न सोडविण्याची. दुसरी वर्गाच्या दारापर्यंत जाऊन येण्याची. तिसरी रिकाम्या वर्गात जुनी प्रश्नपत्रिका लिहिण्याची. त्यानंतर मैत्रिणींसोबत छोटी चाचणी देण्याची. प्रत्येक पायरीवर छाती धडधडेल. ती धडधडत असतानाही थांबावयाचे आणि भाकीत केलेले संकट आले की नाही हे पाहावयाचे, एवढाच नियम. त्यात जबरदस्ती नसते. मुलीची संमती प्रत्येक पायरीवर घ्यावी लागते.

समुपदेशकाची टाळाटाळ

तत्त्व सोपे असले, तरी ते आचरणे कठीण आहे. तिसऱ्या पायरीच्या दिवशी मुलगी रडू लागते, म्हणते, “ताई, आज नको.” समुपदेशिकेच्या पोटातही कालवाकालव होते. आपण हिला त्रास तर देत नाही ना? ही उद्या आलीच नाही तर? हिच्या आईला काय सांगावे? ती म्हणते, “बरे, आज नको. आज आपण नुसते बोलू.” मुलीला हायसे वाटते, समुपदेशिकेलाही हायसे वाटते. पुढच्या आठवड्यातही बोलणेच होते. बोलणे जिव्हाळ्याचे असते, मुलगी आनंदाने येते, आई आभार मानते. परंतु वर्ग बंदच राहतो.

घरातील टाळण्याचे चक्र आता उपचाराच्या खोलीत शिरले आहे. उपचार करणारीही टाळू लागली आहे, आणि टाळल्याने मिळणारा दिलासा तिलाही बक्षीस देत आहे. ब्रिटिश मानसतज्ज्ञ ग्लेन वॉलर यांनी २००९ मधील एका लेखात या घसरणीचे विवेचन केले. परिणामकारक ठरलेली पद्धत ठाऊक असूनही उपचार करणारे हळूहळू तिच्यापासून दूर वाहत जातात, आणि त्यामागे बहुधा अज्ञान नसून रुग्णाला व स्वतःला होणारा त्रास टाळण्याची इच्छा असते, असा त्यांचा आशय होता. हा दोष आळशी माणसाचा नव्हे. उलट हळव्या मनाचा, सेवाभावी समुपदेशक त्यात अधिक सहज सापडतो. आणि जो एकटा काम करतो, त्याला आपण वाहत चाललो आहो हे कळत नाही. कारण नावेत बसलेल्याला किनारा दाखविणारे दुसरे कोणीच नसते.

सहकाऱ्यांच्या सभेचा इतिहास

या अडचणीवर एक उपाय लंडनमध्ये १९५० नंतरच्या दशकात रूढ झाला. मायकेल बॅलिंट या डॉक्टरांनी तेथील टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात सामान्य वैद्यांचे छोटे गट भरविले. प्रत्येकाने आपल्याला अवघड वाटणाऱ्या रोग्याची हकीकत सांगावयाची आणि इतरांनी रोग्याबरोबरच वैद्याच्या मनात काय चालले आहे याचाही विचार करावयाचा, असा त्यांचा प्रघात होता. १९५७ साली त्यांनी या अनुभवावर ग्रंथ लिहिला.

अंतराचा प्रश्न मात्र उरला. एका गावात समुपदेशक एकच असेल, तर गट कोणाचा करावा? याचे उत्तर दूरदृश्य साधनांनी दिले. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात भारतीय वंशाचे डॉक्टर संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘एको’ नावाचा उपक्रम सुरू केला. दूरच्या खेड्यांतील वैद्य ठराविक वेळी दृक्‌श्राव्य साधनावर एकत्र येत, आपापल्या रोग्यांच्या अडचणी मांडत, आणि तज्ज्ञांकडून व एकमेकांकडून शिकत. यकृतदाहाच्या एका प्रकारावरील उपचारांचा ४०७ रोग्यांमध्ये केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठातील चिकित्सालयात ५७.५ टक्के रोगी विषाणुमुक्त झाले होते, तर या रीतीने साहाय्य मिळालेल्या दूरच्या वैद्यांकडे ५८.२ टक्के. खेड्यातील वैद्याला योग्य सोबत मिळाली, तर रोग्याला शहर गाठावे लागत नाही, असा याचा अर्थ.

निम्हान्सने हीच रीत मानसिक आरोग्यासाठी स्वीकारली. छत्तीसगडच्या ग्रामीण व सोयींनी वंचित अशा जिल्ह्यांतील समुपदेशकांना मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती या विषयांत प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि त्यानंतर दूरदृश्य सभा अशा मिश्र पद्धतीने मार्गदर्शन देण्यात आले. त्याचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. २०१९ पासून राज्य सरकारच्या सहकार्याने प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीही असाच कार्यक्रम हाती घेण्यात आला.

छत्तीसगडच्या मातीला ही कल्पना परकी नाही. तेथे ‘मितान’ बांधण्याची जुनी चाल आहे. रक्ताचे नाते नसलेल्या दोघांनी विधिपूर्वक जन्माची मैत्री जोडावयाची आणि सुखदुःखात ती पाळावयाची, असा तिचा अर्थ. २००२ साली राज्याने गावोगावी आरोग्यसेविका नेमावयास आरंभ केला, तेव्हा त्यांना ‘मितानिन’ हेच नाव दिले. देशभरच्या ‘आशा’ सेविकांची योजना त्यानंतर, २००५ साली आली.

गोव्यातील प्रयोग

सहकारी एकमेकांचे काम खरोखर पारखू शकतात काय, या प्रश्नाचे उत्तर गोव्यात शोधले गेले. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. रुग्णाच्या संमतीने भेटींचे ध्वनिमुद्रण होई. गटातील सर्वजण ते ऐकत आणि ठरलेल्या मुद्द्यांवर गुण देत: भेटीचा उद्देश स्पष्ट केला काय, मागील वेळचा गृहपाठ विचारला काय, रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून घेतले काय. आरंभी तज्ज्ञ गट चालवीत. पुढे समुपदेशकच आळीपाळीने तो चालवू लागले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्याच अंशी जुळत असल्याचे दिसून आले.

याच समुपदेशकांच्या पद्धतीने तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी, नेहमीच्या उपचारांना समुपदेशनाची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक विकारातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे रुग्ण प्रौढ होते व त्यांचा विकार नैराश्याचा होता. तेव्हा हे आकडे मुलांच्या चिंतेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. लागू पडते ती कामाची रीत. पुढे याच संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांतील २५१ विद्यार्थ्यांसाठी अडचणी सोडविण्याचे छोटे प्रशिक्षण आखले. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना स्वतःला जाचक वाटणाऱ्या अडचणी त्यामुळे कमी झाल्या. परंतु मानसिक लक्षणांत सहा आठवड्यांनी स्पष्ट फरक दिसला नाही. अशा उपक्रमांकडून चमत्काराची अपेक्षा करू नये, हेही त्यावरून समजते.

सभा कशी चालते

पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सहा ते आठ समुपदेशक संगणकावर किंवा मोबाईलवर एकत्र येतात अशी कल्पना करा. हुडकोतील समुपदेशिका आपल्यापुढील पेच मांडते. मुलीचे नाव, शाळा, घरचा पत्ता यांचा उच्चार होत नाही. इतरांनी आधी फक्त प्रश्न विचारावयाचे, सल्ला नंतर द्यावयाचा, असा नियम असतो.

दुसऱ्या जिल्ह्यातील सहकारी विचारते, “ताई, ती रडू लागली तेव्हा तुम्हाला स्वतःला काय वाटले?”

“वाटले की, मी तिचा छळ करते आहे.”

“आणि तुम्ही ‘आज नको’ म्हटल्यावर?”

समुपदेशिका क्षणभर थांबते. “सुटल्यासारखे वाटले,” ती म्हणते.

हे उत्तर तिने स्वतःच्या तोंडाने दिले, हेच या सभेचे मुख्य फळ होय. वरिष्ठाने हाच दोष दाखविला असता तर कदाचित तिने आपली बाजू मांडली असती. येथे ऐकणारे सर्व तिच्यासारखेच आहेत. त्यांच्यापैकी दोघे-तिघे लगेच सांगतात की, आपल्याकडूनही असेच घडले होते. मग गट मिळून मधली पायरी शोधतो: रिकाम्या वर्गात संपूर्ण प्रश्नपत्रिका लिहिण्याऐवजी नुसते दहा मिनिटे बाकावर बसावे. एक सहकारी मुलीची भूमिका घेतो आणि समुपदेशिका आपले बोलणे त्याच्यासमोर बोलून पाहते. शेवटी एकच निश्चय लिहून घेतला जातो, आणि पुढच्या सभेचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तो पाळला काय, आणि काय घडले?

जी रीत मुलीच्या उपचाराची, तीच समुपदेशिकेच्या शिक्षणाची आहे. तीही एक पायरी चढते, तिचीही छाती धडधडते, आणि भाकीत केलेले संकट येत नाही हे तिलाही अनुभवाने कळते. शिवाय आपल्याच कामात असे पेच पडतात हा समज गळून पडतो. दुःखाच्या हकीकती दिवसभर ऐकणाऱ्याला येणारा थकवा अशा सोबतीने हलका होतो, हा लाभही लहान नाही.

मर्यादा व पथ्ये

सहकाऱ्यांची सभा तज्ज्ञांची जागा घेऊ शकत नाही. एखाद्या तरुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, त्याला भास होत असतील, किंवा घरी त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर पुढच्या सभेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी व योग्य त्या अधिकाऱ्यांशी संपर्क साधला पाहिजे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो.

दुसरा धोका सामुदायिक चुकीचा. सर्वच सहकारी एका दिशेने वाहू लागले, तर गट एकमेकांची केवळ समजूत घालीत राहतो. म्हणून मधूनमधून बाहेरच्या तज्ज्ञाने सभेस बसावे आणि गुण देण्याचे मुद्दे लेखी असावेत. तिसरे पथ्य गुप्ततेचे. घरच्या दिवाणखान्यात, माणसे ये-जा करीत असताना, अशी सभा भरवू नये. ध्वनिमुद्रण संमतीवाचून करू नये आणि काम झाल्यावर ते नष्ट करावे. लहान वसाहतीत नाव न घेताही माणूस ओळखू येतो. तेव्हा ओळख पटविणारे तपशील बदलूनच सांगावेत.

शाळेने काय करावे

समुपदेशक नेमला म्हणजे शाळेचे कर्तव्य संपत नाही. त्याला आठवड्याच्या कामातून सहकाऱ्यांच्या सभेसाठी तास-दीड तास मोकळा मिळाला पाहिजे, आणि तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणता कामा नये. बंद दाराची एक खोली आणि खंड न पडणारी इंटरनेटची जोडणी एवढी सामग्री पुरते. ज्या गावी शाळेत अशी जागा नाही, तेथे सार्वजनिक ग्रंथालयाने वाचनाची वेळ संपल्यावर आपली खोली द्यावी. शिक्षकांनी व पालकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलाच्या पोटात चाचणीच्या सकाळी वारंवार दुखत असेल, तर आधी वैद्याकडून तपासणी करून घ्यावी. आणि शरीरात दोष नाही असे ठरल्यावर त्याला रागावू नये व घरीही बसवू नये. लहानशी पहिली पायरी त्याच्याबरोबर शोधावी.

ही पायरी शोधताना आईला समुपदेशिकेची सोबत हवी असते, आणि समुपदेशिकेला तिच्या सहकाऱ्यांची. यांतील शेवटची सोबत बाहेरून कोणाला दिसत नाही, म्हणून तिची तरतूद करण्याचे सर्वांत आधी विसरले जाते. तिच्यावरच मुलीचे वर्गात परतणे पुष्कळ अंशी अवलंबून असते.